एकशे तेरावा रहिवासी

शहाण्या माणसाने बैठकीत खुशाल झोपावं, पण झोपेत मान हलवू नये. जावईबापूंनी ती हलवली आणि इमारतीतल्या सगळ्या रहिवाशांची यादी करायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं.

रविवारची दुपार होती. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून समितीची बैठक चालली होती. पाणीखात्याचं पत्र आलं होतं: जुना नळ काढून नवा टाकणार, नव्याची जाडी डोक्यांच्या संख्येवर ठरणार, तेव्हा पंधरा दिवसांत यादी द्या. प्रत्येकाचं नाव हवं, नावाआधी मानाचा शब्द हवा आणि यादी संगणकावर केलेली हवी. हस्ताक्षरातली चालणार नाही. (सुंदर हस्ताक्षराची माणसं या जगात अशी एकेका पत्राने निकाली निघतात. कुणी हूं की चूं करत नाही.)

जावईबापू तेव्हा बटणांचं स्वप्न पाहत होते. बटणांच्या कारखान्यात ते गोदाम सांभाळत. खोक्यात डबे, डब्यात पेट्या, पेटीत पुड्या, पुडीत बटणं. स्वप्नात ते एक पुडी उघडत होते आणि आत आणखी एक खोकं निघत होतं, त्यात पुन्हा डबे. कुणीतरी लांबून विचारलं, "करणार ना?" त्यांना वाटलं, खोकं विचारतंय. त्यांनी मान हलवली.

"ठरलं!" अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि आता दुसऱ्यांचे दोष मोजतात. "जावईबापूंना संगणकातलं कळतं. ते करतील."

कळतं हे खरंच होतं. कारखान्याच्या मालाची नोंद ठेवणारं पान कुण्या एका हुशार तरुणाने पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलं आणि तो नोकरी सोडून गेला. पान मात्र मागे राहिलं आणि आठवड्याला एकदा आजारी पडू लागलं. तेव्हा जावईबापूंनी रद्दीतून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि जेवणाच्या सुट्टीत वाचत वाचत ती भाषा शिकले. ना शिकवणी, ना प्रमाणपत्र. असल्या शिक्षणाला जगात दोन कवड्यांची किंमत नसते, आणि जगाचं निम्मं काम असल्याच शिक्षणावर चालतं.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. पण वरच्या मजल्यावरचं घर सासूबाईंचं. लग्नानंतर ते तिथे राहायला आले त्याला एकवीस वर्षं झाली, तेव्हापासून सगळी इमारत त्यांना याच नावाने ओळखते. दारावर दिवंगत सासऱ्यांची पाटी. विजेचं बिल सासूबाईंच्या नावाने, वर्तमानपत्र बायकोच्या. या पत्त्यावर त्यांच्या नावाचा एक चिटोराही कधी आला नव्हता. त्यांनी तक्रार केली नव्हती. तक्रार करायलाही पत्ता लागतो. पण जाग आल्यावर, यादीचं काम आपल्याकडे आलंय हे कळलं तेव्हा राग यायच्या आधी त्यांच्या मनात एक लहानसा विचार चमकून गेला: यादीत आपलंही नाव येईल. खात्याच्या शिक्क्यासह. या पत्त्यावर.

बस्स, एवढ्यासाठी त्यांनी झोपेतला होकार तसाच ठेवला.

माहिती गोळा करायला ते दारोदार फिरले. माणसं गंमतशीर असतात. नाव विचारलं की पदव्या सांगतात, कुटुंबात किती जण विचारलं की कोण कुणाशी बोलत नाही ते सांगतात. अध्यक्षांनी स्वतःच्या नावासाठी दीड पान भरून दिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना दारातच "आ करा" म्हटलं आणि एक दाढ किडल्याचं सांगून मगच नावं दिली. तिसऱ्या मजल्यावर एका घरात दोन भाऊ मधे पडदा लावून राहत. पडद्यापलीकडच्यांची नावं आपल्या घरात घालायची नाहीत, अशी दोघांनीही स्वतंत्रपणे ताकीद दिली. दोघांचा आवाज पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच ऐकू येत होता.

संगणकात त्यांनी हे सगळं कारखान्यातल्यासारखंच मांडलं. इमारत नावाचं एक मोठं खोकं, त्यात मजल्यांचे डबे, मजल्यात घरांच्या पेट्या, घरात माणसं. पडदेवाल्यांच्या पेटीत आणखी दोन पुड्या. पुस्तकात याला नेस्टेड अ‍ॅरे म्हणतात, म्हणजे खोक्यात खोकं. अगदी शेवटी वरच्या मजल्याचं शेवटचं घर: आधी बायको, मग सासूबाई, मग ते स्वतः. स्वतःचं नाव त्यांनी सगळ्यात शेवटी घातलं. विनय म्हणून नव्हे. सवय म्हणून.

आता खोक्याखोक्यांतली नावं काढून एका सरळ यादीत आणायची होती. पुस्तकात त्यासाठी एक तयार फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा आयता तुकडा, सापडलं. त्याला खोकं द्यायचं आणि कॉलबॅक द्यायचा. कॉलबॅक म्हणजे एक निरोप्या. आपण त्याला फक्त सांगून ठेवायचं, 'माणूस दिसला की नाव लिही'. मग ते फंक्शन कितीही आतल्या पेटीत शिरो, प्रत्येक माणसापाशी या निरोप्याला हाक मारतं. जावईबापूंना तो निरोप्या लगेच डोळ्यांपुढे दिसू लागला: उंच, पाठीत किंचित वाकलेला, काखेत छत्री, हातात वही, पायांत आवाज न करणारे जोडे. इमारतीच्या दारातून तो शिरला. दारं आपोआप उघडत होती आणि आत आणखी दारं होती. प्रत्येक दारात कुणीतरी उभं राहून हळूच आपलं नाव सांगत होतं. जिन्यात पिवळसर ऊन साचलं होतं. पडद्याच्या घरात तर तो पडदा न हलवताच पलीकडे गेला.

"अहो," बायको म्हणाली, "दूध उतू गेलं. समोर बसून बघत होतात ना?"

बायको इस्पितळात क्ष-किरण विभागात होती. माणसांच्या आत काय चाललंय ते बघायची तिला सवय. जावईबापूंच्या आत तिला बहुतेक वेळा धुकं दिसे.

संगणकावर प्रोग्रॅम चालवला. छापणारं यंत्र घरघरलं, एक कागद बाहेर आला, आणि तो जावईबापूंच्या हातात पडायच्या आतच अध्यक्षांनी ओढला. ते "कुठवर आलं?" विचारायला आलेले होते आणि घाईत होते. कागदावर इमारतीचं नाव, समितीचं नाव, खाली सहीची जागा, सगळं झोकात दिसत होतं. अध्यक्षांनी जावईबापूंची सही घेतली, शिक्का मारला आणि तसेच खात्यात नेऊन दिला. कागद कुणी वाचला नाही. आपल्याकडे कागद वाचायची पद्धत नाही, शिक्का बघायची आहे.

कागदावर लिहिलं होतं: एकूण रहिवासी, शून्य.

खात्याने मात्र वाचलं. आयुष्यात एकदाच वाचलं आणि नेमकं तेव्हाच. तिसऱ्या दिवशी सकाळी नळांनी एक उसासा टाकला आणि ते कोरडे झाले. खाली दारावर सूचना चिकटवलेली होती: इमारत निर्मनुष्य असल्याने नळजोड बंद करण्यात येत आहे.

एकशे तेरा माणसं रिकाम्या बादल्या घेऊन ती सूचना वाचत उभी राहिली.

मग सल्ले सुरू झाले. सल्ला देणारा माणूस आणि गळका नळ, दोन्ही बंद करायला पाना लागतो, आणि तो पाना शेजाऱ्याने मागून नेलेला असतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुळापासून उपटून काढा आणि नवीन बसवा." त्यांचा सगळ्याच दुखण्यांवर हा उपाय असे. पडद्याअलीकडचा भाऊ म्हणाला, ही पलीकडच्याची करणी. अध्यक्ष म्हणाले, "आमच्या काळी साखळीने मोजायचो. कधी शून्य आलं नाही."

सासूबाईंनी सल्ला दिला नाही. त्या स्वयंपाकघराच्या दारात रिकामी कळशी घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, एकशे तेरा माणसं नाहीशी करायला मोठी सिद्धी लागते. आमच्या ह्यांना एवढी कधी जमली नाही."

जावईबापू 'आई' एवढंच म्हणाले आणि कामावर निघून गेले.

कारखान्यात दुपारी यंत्रं थांबतात तेव्हा गोदामात एक वेगळीच शांतता उतरते. लाखो बटणं अंधारात आपापले चार चार डोळे उघडे ठेवून पडलेली असतात. एका पोत्याला टेकून जावईबापूंनी डोळे मिटले. तो छत्रीवाला समोर येऊन उभा राहिला. दमला होता बिचारा.

"सगळ्यांची नावं लिहिली?" जावईबापूंनी विचारलं.

त्याने वही पुढे केली. सगळी नावं होती, एकूणएक.

"मग माझी वही कोरी कशी?"

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही मला वही दिलीच नाही. वहीची झेरॉक्स दिलीत. मी झेरॉक्सवर लिहिलं. काम संपल्यावर झेरॉक्स फेकून देतात."

जावईबापू ताडकन उठले. डोक्याला बटणांचा डबा लागला आणि तीनशे कोटांची बटणं जमिनीवर उधळली. पण त्यांना त्याचं काही नव्हतं. पुस्तकातलं ते पान त्यांना आठवलं. कॉलबॅकला बाहेरची यादी नुसती दिली तर तिची नक्कल मिळते; खरी यादी हातात द्यायची तर नावाआधी एक खूण लावावी लागते, & अशी, मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसणारी. तिला रेफरन्स म्हणतात. नक्कल द्यायची नाही, वस्तूच द्यायची.

खूण लावली. यादी भरली. एकशे तेरा नावं, पहिल्या मजल्यापासून शेवटच्या घरापर्यंत. तळाशी त्यांचं स्वतःचं. ते कितीतरी वेळ नुसतं त्या तळाच्या ओळीकडे बघत राहिले.

इथे थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ज्याने एकदा पाणी अडवलं त्याला वाटतं आपण धरण बांधू शकतो. त्या खुणेवर जावईबापूंचं प्रेम बसलं. नावांआधी मानाचा शब्द लावायचं काम राहिलं होतं. यादीतल्या एकेका नावावरून फिरायचं आणि पुढे मान चिकटवायचा. तिथेही त्यांनी खूण लावली, कारण मान नकलेला लावून काय उपयोग? झालं, मान लागला. मग त्याखाली यादी छापायच्या ओळी लिहिल्या. यंत्र घरघरलं. कागदाच्या तळाशी एकूण बेरीज आली: एकशे तेरा. या खेपेला अध्यक्षांनी बेरीज दोनदा तपासली. जावईबापूंनी खाली 'यादी सादर करणारा' म्हणून सही ठोकली. बेरीज बरोबर आली की नावं बघत बसायचं नसतं, हा मोजणी खात्याचा जुना नियम.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. नळ खोकले, तांबूस थुंकले आणि मग घळाघळा वाहू लागले.

पुढचे चार दिवस जावईबापूंच्या आयुष्यातले उत्तम दिवस होते. जिन्यात लोक आपण होऊन बोलू लागले. डॉक्टरीणबाईंनी दाढ अर्ध्या दरात बघायची तयारी दाखवली. अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या जावईबापूंनी केलं," आणि त्यातला 'आमच्या' हा शब्द जावईबापूंनी घरी नेऊन मनातल्या मनात चार वेळा उलटून पालटून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "पाणी आलं." त्यांच्या तोंडून ही स्तुतीच होती.

पाचव्या दिवशी खात्याचा माणूस रहिवासी पत्रं घेऊन आला. निळसर जाड कागद, कोपऱ्यात शिक्का, प्रत्येकाला एक. वरच्या मजल्यावर तो धापा टाकत पोचला. बायकोला एक दिलं. सासूबाईंना एक दिलं. मग पाकिटातून शेवटचं पत्र काढलं आणि तेही सासूबाईंनाच दिलं.

"हे कुणाचं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमचंच. एकशे बारा क्रमांक तुम्ही, एकशे तेरा क्रमांक तुम्ही."

"आणि हे?" बायकोने नवऱ्याकडे बोट दाखवलं.

खात्याच्या माणसाने जावईबापूंकडे पाहिलं, मग यादीकडे. "हे यादीत नाहीत," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

सासूबाईंनी दोन्ही पत्रं उजेडात धरली. "बघ गं," त्या मुलीला म्हणाल्या, "एकेका माणसाला जन्मभर धड एक होता येत नाही, आणि मी या वयात दोन झाले."

त्या दिवसापासून घरात त्यांचा मोठाच उत्सव सुरू झाला. चहा दोन कप हवा, "दुसरीलाही लागतो." खिडकीजवळची खुर्चीही माझी आणि पंख्याखालचीही. दुसरी रागावलीय, तिच्याशी आज बोलू नका. जावईबापूंनी दुसरा कपही नेऊन ठेवला. त्यांना एक विचित्र हलकेपणा आला होता. आपण नाही, ही कल्पना इतकी वाईट नव्हती. जिन्यावर पाय टेकताना पायरीला भार होत नाहीये असं वाटायचं. कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने मान वर केली नाही. ती तो पूर्वीही करत नसे, पण आता त्याला कारण होतं. दुपारचा चहा त्यांच्या टेबलाला वळसा घालून पुढे गेला. पोत्याला टेकून डोळे मिटले की बटणांच्या राशी त्यांना आरपार दिसत, आणि त्या राशींमधून तो छत्रीवाला चालत येई. एकदा त्यांनी त्याला विचारलंच, "माझं नाव कुठे गेलं रे?"

"तुम्ही मला मान लावायला पाठवलंत," तो म्हणाला. "प्रत्येक कप्प्यावर बोट ठेवलं आणि मान लावला. शेवटच्या कप्प्यावर, म्हणजे तुमच्या, बोट ठेवलं. मग काम संपलं. पण बोट उचल असं कुणी सांगितलंच नाही. नंतर तुम्ही म्हणालात, आता यादी वाच. मी पहिलं नाव वाचलं, ते माझ्या बोटातून ओघळून तुमच्या कप्प्यात पडलं. दुसरं वाचलं, तेही पडलं, पहिल्यावर. असं करत एकशे बारावं पडलं, तुमच्या सासूबाईंचं. मग शेवटचा कप्पा वाचला. त्यात तेव्हा जे होतं ते वाचलं."

जावईबापूंनी डोळे उघडले. एक ओळ. फक्त एक ओळ राहिली होती: बोट उचल. सगळ्यांना मान लावता लावता माणूस स्वतःच पुसला गेला, आणि बेरीज मात्र बरोबर.

ते सरळ पाणीखात्याच्या कचेरीत गेले. खिडकीवरच्या बाईंनी एक लहान पंखा फक्त स्वतःकडे वळवून ठेवला होता. खिडकीबाहेरच्यांना वाऱ्याचा आवाज तेवढा मिळे. बाईंनी नाव विचारलं, यादी चाळली आणि म्हणाल्या, "या पत्त्यावर असं कुणी राहत नाही."

"मी राहतो."

"हे तुम्ही म्हणता. यादी म्हणत नाही."

"बाई, ती यादी मीच केलीय."

"मग तुम्हाला माहीत असायलाच हवं."

"दुरुस्त करून नवीन यादी दिली तर?"

"शून्याची यादी एकदा बदलून घेतली. आता पुन्हा नवीन म्हणजे ही खोटी. खोटी यादी म्हणजे नव्याने अर्ज. एक वर्ष." बाईंनी कागद उलटला आणि त्यांचा चेहरा प्रथमच उजळला. कायद्यातली फट सापडली की असल्या खिडक्यांत दिवा लागतो. "थांबा. यादी सादर करणाऱ्याची सही तुमची? म्हणजे जो राहतच नाही त्याने यादी दिली. शुक्रवारपर्यंत रहिवाशाची सही आणा, नाहीतर नळ बंद."

पुन्हा बैठक. पुन्हा प्लॅस्टिकच्या खुर्च्या. यावेळी जावईबापू टक्क जागे होते. बोट, कप्पा, उचलायची राहिलेली ओळ, सगळं त्यांनी समजावून सांगितलं. लोकांनी न समजता माना डोलावल्या. अध्यक्षांनी खाकरून तोडगा काढला.

"सोपं आहे. जावईबापूंच्या सहीऐवजी माझी सही. मी रहिवासी आहे, शिक्का आहे, प्रश्न मिटला. बेरीज बरोबर, नळाची जाडी बरोबर. जावईबापूंचं पुढच्या वर्षीच्या यादीत बघू. काय घाई आहे? तुम्ही काही कुठे जाताय का?"

लोक हसले. वाईट हेतूने कुणी हसलं नाही. सुटलो एकदाचे म्हणून हसले. परवापर्यंत 'आमच्या' म्हणणारा हाच माणूस. पाणी वाहतं ठेवायला एका माणसावर काट मारावी लागली तर आपली भली माणसं ती मारतात, वर चहा पितात.

"काय, जावईबापू? चालेल ना?"

जावईबापूंना काही बोलायचं होतं. त्यांनी तोंडही उघडलं. पण एकवीस वर्षांची सवय आधी पोचली आणि त्यांची मान हलली.

"ठरलं!" अध्यक्ष म्हणाले.

"काय ठरलं?"

सगळ्यांनी मागे पाहिलं. सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. त्या बैठकीला कधी येत नसत. या वेळी दोन्ही पत्रं घेऊन आल्या होत्या, दोन मतं द्यायला.

"आई, काही नाही," जावईबापू म्हणाले. "माझी सही काढून यांची घालतायत. माझं पुढच्या वर्षी बघू."

सासूबाई अध्यक्षांकडे वळल्या. "माझ्या घरात कोण राहतं ते तुम्ही ठरवणार? तुमच्या साखळीने मोजून?"

"तसं नव्हे, ताई, पाण्याचा प्रश्न..."

"पाणी गेलं तर सगळे कळश्या घेऊन जाऊ. माणूस गेला तर काय घेऊन जायचं?" मग जावयाकडे न बघताच म्हणाल्या, "चपला घाला."

कचेरीपर्यंतच्या वाटेवर त्या एकदाच बोलल्या: "ते बोटाचं काय ते नीट सांगा. खाली निम्मं ऐकू आलं नाही." जावईबापूंनी छत्रीवाल्यासकट सांगितलं. झाडांच्या सावल्या फुटपाथवर हलत होत्या आणि त्यांतून चालताना त्यांना वाटलं, आपण कुणाच्या तरी झोपेतून चाललोय आणि त्या माणसाला इतक्यात जाग न आली तर बरं. सासूबाईंनी हूं हूं करत सगळं ऐकलं. "म्हणजे ठेवलेलं बोट उचलायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "आमचे हे असंच करायचे. दिवा लावायचे आणि बटणावर हात ठेवून विचार करत उभे."

खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही पत्रं पाहिली. "तुमच्या दोन नोंदी. एक रद्द करायची?"

"रद्द नाही. एक यांना द्यायचीय. तशी सोय आहे?"

सोय होती. अर्थातच होती, असल्या कचेऱ्यांत सगळ्याची सोय असते, फक्त विचारणारा लागतो. बाईंनी धूळ झटकून नोंद-हस्तांतराचा अर्ज काढला. "हा माणूस त्या पत्त्यावर राहतो याचा पुरावा?"

"यांच्याकडे काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगते, तुम्ही लिहा. सकाळी न्हाणीघरात हा माणूस पाऊण तास असतो, दार वाजवलं की 'आलो' म्हणतो आणि येत नाही. ओला टॉवेल माझ्या खुर्चीवर टाकतो. दुधाकडे बघत बसतो आणि दूध उतू जातं. एकवीस वर्षांत एकदाही गॅस वेळेवर बंद केला नाही. खिशातून बटणं निघतात, माझ्या पायाला टोचतात. रेडिओवर बातम्या लागल्या की झोपतो आणि बंद केला की 'ऐकतोय' म्हणतो. मी दोन वर्षांपूर्वी पडले तेव्हा मला पाठीवर घेऊन पाच मजले उतरला, आणि खाली गेल्यावर आठवलं की चप्पल घातली नाही. माझी नव्हे, स्वतःची. तसाच अनवाणी इस्पितळापर्यंत. अजून सांगू?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. पंखा किंचित बाहेरच्या बाजूला वळला; आपोआप वळला की कुणी वळवला ते कळलं नाही.

"पुरेसं आहे," बाई म्हणाल्या. "पत्त्यावर न राहणारा माणूस इतका सापडत नाही." त्यांनी शिक्का उचलला. "एकशे तेरा क्रमांक यांच्या नावे करते. म्हणजे यादीवरची सहीही रहिवाशाचीच झाली."

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "एकशे बारा द्या त्यांना. तेरा मी ठेवते."

"आई, काय फरक पडतो?" जावईबापू म्हणाले.

"पडतो. ते छत्रीवालं प्रकरण उद्या पुन्हा सुरू झालं, तर जे पुसलं जातं ते शेवटचं. तुम्हीच सांगितलंत ना वाटेत?" त्यांनी अर्ज स्वतःकडे ओढला आणि सही करायला चष्मा लावला. "शेवटी मी बसते. मला पुसायला एकशे बारा नावं पुरायची नाहीत."

शिक्का पडला. बाईंनी निळसर कागद पुढे सरकवला. जावईबापूंनी तो दोन्ही हातांनी घेतला. नाव त्यांचं होतं, पत्ता त्यांचा होता. त्यांनी ते पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचलं.

"बघत काय बसलात?" सासूबाई पायऱ्या उतरत म्हणाल्या. "घरी चला आणि ती बोट उचलायची ओळ आधी लिहा. मी काही जन्मभर त्या कोपऱ्यात बसणार नाही."